बोरी बुद्रुक ते नाणेघाट : जुन्नरमध्ये बाहेरचे कोण?

जुन्नर तालुका पाहायला येणाऱ्यांचा बेत साधारण ठरलेला असतो. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, परतीच्या वाटेवर ओझरच्या विघ्नहराचे दर्शन आणि वेळ उरलाच तर नाणेघाट. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्यात शिवनेरीही आहे. आता येणाऱ्यांची संख्या वाढेल आणि ती वाढावीच. पण या ठरलेल्या बेतात एक अडचण आहे. आपण एकेक ठिकाण सुटे पाहतो. किल्ला शिवरायांचा, लेणी बौद्धांची, देऊळ गणपतीचे, घुमट मुसलमानांचा, अशी वाटणी मनात आधीच करून निघतो आणि तशीच घेऊन परत येतो.

मी वेगळी वाट सुचवतो. कुकडी नदी कुकडेश्वरापाशी उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाते. या नदीच्या उलट दिशेने, खालून वर चालत जायचे. सुरुवात बोरी बुद्रुकपासून करायची आणि शेवट नाणेघाटात. या वाटेवर एकच प्रश्न सोबत ठेवायचा : इथले कोण आणि बाहेरचे कोण? मराठी मुसलमानाला हा प्रश्न नवा नाही. अस्खलित मराठीत अर्धा तास गप्पा झाल्यावरही ‘पण तुम्ही मूळचे कुठले?’ हे विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईट असते असेही नाही. तरी त्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या गावाच्या नावात वा आडनावात शोधण्यापेक्षा दगडांत शोधावे, असे मला वाटते. जुन्नरचे दगड याबाबतीत फार बोलके आहेत.

बोरी बुद्रुक : सुमात्राची राख

आळेफाट्याच्या दक्षिणेला कुकडीच्या काठावर वसलेले बोरी बुद्रुक हे बागायती गाव. पर्यटनाच्या नकाशावर त्याला अलीकडे जागा मिळू लागली आहे, पण पुरातत्त्वाच्या जगात त्याचे नाव गेली चार दशके गाजते आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना इथे नदीकाठच्या गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली. हातकुऱ्हाडी, फरशा, दगडाचे छिलके.

सह्याद्री हा मुळात ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, मग राख सापडली तर नवल काय, असे कुणालाही वाटेल. पण दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्या मानाने अगदी कालची आणि ती इथली नाहीच. तिचे रासायनिक पृथक्करण झाले तेव्हा तिचे गाव कळले : इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरचा तोबा ज्वालामुखी. बोरीपासून सरळ रेषेत तीन हजार किलोमीटरांहून दूर. तिच्या वयावरून संशोधकांत बराच वाद झाला. आधी १४ लाख वर्षे सांगितली गेली, नंतर ६ लाख ७० हजार, तर अभ्यासकांच्या दुसऱ्या गटाने ती तोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली असल्याचे मांडले. वय कोणतेही धरा, राख तोबाची याबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत आहे. वाऱ्यावर बसून ती बंगालचा उपसागर ओलांडून आली, पावसाने खाली आणली आणि कुकडीने आपल्या गाळात झाकून ठेवली.

म्हणजे या वाटेवरचे सर्वांत जुने स्मारक बाहेरून आलेले आहे. त्यावर आज शेते उभी आहेत.

आता गावाचे नाव पाहा. बोरी बुद्रुक आणि बोरी खुर्द. महाराष्ट्रात अशी जोडनावाची गावे शेकड्यांनी आहेत. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी रूप, म्हणजे मोठे, वडीलधारे. ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. मूळ गावाची वस्ती वाढली, काही घरे बाजूला जाऊन राहिली, आणि सुलतानांच्या दफ्तरात महसूल लिहिणाऱ्याने थोरले-धाकटे वेगळे दाखवण्यासाठी हे दोन शब्द जोडले. लिहिणारा बहुधा गावचाच कुलकर्णी असणार. बोर हे झाड इथले, बुद्रुक हा शब्द इराणकडचा आणि दोन्ही मिळून झालेले नाव अस्सल मराठी. ते ज्या तालुक्यात आहे तो ‘तालुका’ आणि ज्या जिल्ह्यात आहे तो ‘जिल्हा’ हे शब्दही अरबीतून आले. सातबाऱ्यावर हे सगळे शब्द एकत्र नांदतात आणि शेतकऱ्याला त्यात काही परके वाटत नाही.

बोरीला जाणाऱ्यांना एक विनंती. राख आणि हत्यारे हे उघड्यावरचे संग्रहालय आहे. नदीकाठ पाहावा, गावकऱ्यांशी बोलावे, पण मूठभर राख किंवा एखादा दगड आठवण म्हणून खिशात घालू नये. थर विस्कटला की त्यातली माहितीही जाते.

आळे : गावकुसाबाहेरची माणसे

बोरीहून आळे जवळच आहे. इथे एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा. पैठणहून परतताना तो इथे निवर्तला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

या समाधीकडे चमत्काराची खूण म्हणून पाहिले जाते. मला तिथे आणखी एक गोष्ट दिसते. ही चार भावंडे पैठणला का गेली होती? संन्याशाची पोरे म्हणून आळंदीने त्यांना वाळीत टाकले होते आणि शुद्धिपत्र आणण्यासाठी त्यांना तिथे पाठवले होते. ती याच मातीत जन्मली होती, हीच भाषा बोलत होती, तरी बाहेरची ठरली. ‘बाहेरचा’ होण्यासाठी समुद्र ओलांडून यावे लागत नाही, हे आळ्यात कळते. ज्यांना घराबाहेर काढले, त्यांच्याच नावाने पुढे सबंध मराठी भाषा ओळखली गेली. आणि वेदांचा अधिकार नाकारलेल्यांच्या बाजूने साक्ष दिली म्हणून एका मुक्या जनावराची आज पूजा होते.

आळ्याहून नारायणगावकडे वळले की वाटेत खोडदला जाता येते. तिथे आणि आसपासच्या शिवारांत मिळून ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी उभ्या आहेत. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे जीएमआरटी ती हीच. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओलहरी ती टिपते. दूरवरून आलेले ऐकून घेणे ही या तालुक्याची जुनी खोड दिसते.

पुढे येडगाव धरणाच्या पाण्याकाठी ओझर. विघ्नहराच्या देवळाची भक्कम तटबंदी आणि दीपमाळा पाहण्यासारख्या आहेत. वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी देवळाचा जीर्णोद्धार करून कळस सोन्याने मढवल्याचे सांगतात. ओझरहून शिवनेरीचा डोंगर दिसू लागतो.

जुन्नर : रशियन माणसाचा घोडा

जुन्नर शहरात शिरण्यापूर्वी एका पाहुण्याची ओळख करून द्यायला हवी. अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर शहराचा व्यापारी. १४७० च्या आसपास तो इराण ओलांडून होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. वास्को-द-गामाच्या जवळपास तीस वर्षे आधी. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. दख्खनमध्ये चांगली पैदास होत नसे, त्यामुळे अरबी-इराणी घोड्याला इथे मोठी किंमत येई.

तेव्हा जुन्नर बहमनी राज्यात होते आणि इथला अधिकारी होता असदखान. निकितिनने लिहून ठेवले आहे की शहर एका कड्यावर आहे आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत. पावसाळाभर तो इथे अडकला. चिखल, पाणी, आणि घोड्यांना चारला जाणारा खुराक, सगळ्याची त्याने नोंद केली. घोड्यांसाठी साखर-तेल घालून खिचडी शिजवतात हे पाहून तो चकित झाला होता. पाच-साडेपाच शतकांपूर्वीच्या जुन्नरी पावसाचे आणि खिचडीचे वर्णन आपल्याला एका रशियनाच्या वहीत मिळते.

पण त्या वहीत कडू पानही आहे. असदखानाला कळले की हा मुसलमान नाही, तेव्हा त्याने घोडा काढून घेतला. इस्लाम स्वीकार, घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेला आणि वर दंड. चार दिवसांची मुदत. निकितिनला सोडवले ते एका खुरासानी मुसलमानाने, ख्वाजा मुहम्मदने. तो असदखानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा परत आणून दिला. धर्माच्या नावाने घोडा हिसकावणारा मुसलमान आणि परक्या ख्रिस्ती माणसासाठी त्याच्याशी भांडणारा मुसलमान, दोघे एकाच गावात, एकाच आठवड्यात. इतिहास लिहिताना आपण यातला एकच निवडतो, तेव्हा खोटे लिहितो.

पुढे वीसेक वर्षांत या शहराचे नशीब पालटले. बहमनी दरबारातील वजीर मलिक हसन याचा बिदरला खून झाला आणि त्याचा मुलगा मलिक अहमद, जो जुन्नरचा सुभेदार होता, त्याने १४९० मध्ये स्वातंत्र्य पुकारले. निजामशाहीचा जन्म असा जुन्नरला झाला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) वसले ते नंतर, १४९४ मध्ये. हा मलिक हसन कोण होता? फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की तो मुळात ब्राह्मणाचा मुलगा, घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. विजयनगरच्या मुलखात लहानपणी पकडला गेला आणि बहमनी दरबारात गुलाम म्हणून वाढला. त्याच्या बापाचे नाव बहिरू, त्यावरून निजामशाही घराण्याला ‘बहिरी’ म्हटले जाई. ज्या सुलतानांना आपण परके आक्रमक म्हणून शिकलो, त्यांचे मूळ गाव परभणी जिल्ह्यात निघते.

हापूसबाग : हबशी आणि सौदागर

जुन्नरच्या पूर्वेला हापूसबागेचा परिसर आहे. नावात आंबा असला तरी त्याचा आंब्याशी संबंध नाही. हबशीबागेचे हापूसबाग झाले असे स्थानिक जाणकार सांगतात. हबशी म्हणजे अबिसीनियाचे, आजच्या इथिओपियाचे लोक. इथला जुना हबशी महाल आणि काळ्या दगडाचा सौदागर घुमट मुद्दाम वाट वाकडी करून पाहावेत.

हबशी म्हटले की मलिक अंबरचे नाव येते. आफ्रिकेत जन्मलेला, बाजारात अनेकदा विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा वजीर चंगीजखान याच्याकडे आला. १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतले, तेव्हा राज्य संपले असेच सगळ्यांना वाटले. अंबरने ते पुन्हा उभे केले. परांड्याहून त्याने १६०७ मध्ये राजधानी जुन्नरला आणली आणि १६१० मध्ये दौलताबादला नेली. म्हणजे जुन्नर दोनदा राजधानी झाले. एकदा पाथरीच्या कुलकर्ण्याच्या नातवाने केली, दुसऱ्यांदा आफ्रिकेतून आलेल्या गुलामाने. अंबरच्या फौजेत मराठे होते, हबशी होते. मुघलांना जेरीस आणणारा गनिमी कावा त्याने मराठा स्वारांच्या बळावर लढवला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी होते. शरीफजी तिथे पडले. या दोन भावांची नावेच अहमदनगरच्या शाह शरीफ दर्ग्यावरून ठेवलेली.

सौदागर घुमट आणखी वेगळे काही सांगतो. चौकोनी भारदस्त इमारत, वर गोल घुमट, आत थंडगार सावली. ही कबर सुलतानाची नाही, सरदाराचीही नाही. लोकांच्या आठवणीत तो फक्त ‘सौदागर’, म्हणजे व्यापारी आहे. ज्या गावात एका व्यापाऱ्याला असा घुमट मिळाला, त्या गावाचे वैभव कशावर चालत होते ते निराळे सांगायला नको. निकितिनचा घोडा ज्या वाटेने आला, त्याच वाटेने हाही कधी तरी आला असेल.

आणि मुसलमानांनी जुन्नरला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट दगडात नाहीच. ती कागदात आहे. जुन्नरचे कागदी हे हाताने कागद बनवणारे मुसलमान कारागीर. जुन्या चिंध्या, तागाचे तुकडे चुन्यात भिजवायचे, कुटायचे, नदीच्या पाण्यात धुवायचे, लगदा हौदात कालवून गवताच्या जाळीवर तोलायचा, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची. हा ‘जुन्नरी कागद’ दौलताबादी कागदासारखाच नावाजलेला होता. पेशवाईच्या दफ्तरात तो वापरला जाई. मोडी लिपीतले हिशेब, सनदा, पत्रे ज्या तावांवर लिहिली गेली त्यांतले कितीतरी ताव इथल्या कागद्यांनी घोटलेले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून आपण जे जपतो, त्याला धरून ठेवणारे हात कुणाचे होते हे त्या कागदावर लिहिलेले नसते. कागद उजेडासमोर धरला तर जाळीच्या काड्यांच्या रेषा मात्र दिसतात.

शिवनेरी : सात दरवाजे

आता गड चढायचा. शिवनेरीला सात दरवाजे आहेत. त्यांची नावे चढता चढता म्हणून पाहा : महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिवाई दरवाजा, फाटक दरवाजा, कुलाबकर दरवाजा. पीर आणि शिवाई एकाच वाटेवर आहेत. ‘दरवाजा’ आणि ‘परवानगी’ फारसीतून आलेले. वरचे धान्याचे कोठार म्हणजे अंबरखाना. हे नाव मलिक अंबरवरून नव्हे, साठा या अर्थाच्या ‘अंबार’ या फारसी शब्दावरून. गडाच्या पोटात बौद्ध लेणी, लेण्यांच्या रांगेत शिवाईदेवी, माथ्यावर गंगा-जमुना टाकी. त्याच माथ्यावर कमानी मशीद, दोन मिनारांना जोडणारी तिची उघडी कमान आकाशाच्या पार्श्वभूमीवर लांबून ओळखू येते. आणि पुढे ती जन्मखोली.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी इथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. जिजाऊंना सुरक्षित ठेवण्यासाठी शहाजीराजांनी हा गड निवडला. गडाचे किल्लेदार विजयराज विश्वासराव हे व्याही, थोरल्या संभाजीराजांचे सासरे. म्हणजे मराठ्यांच्या राजाचा जन्म निजामशाहीच्या किल्ल्यात, नात्यातल्या माणसाच्या आसऱ्याने, शिवाईच्या नवसाने आणि पीर दरवाजाच्या आत झाला. यातली एकही गोष्ट काढून टाकली तर तो जन्म जसा झाला तसा सांगता येत नाही.

गडावर थांबून पाहायची आणखी एक जागा आहे आणि ती मी टाळणार नाही. तिचे नाव कोळी चौथरा. निजामशाही बुडाल्यावर हा मुलूख मुघलांकडे गेला. त्यांच्या जाचाविरुद्ध इथले महादेव कोळी उठले. मुघल फौजेने त्यांना घेरले, पकडून गडावर आणले आणि या जागी त्यांची कत्तल केली. महादेव कोळी हे या डोंगरांचे सर्वांत जुने रहिवासी. त्यांच्या रक्ताची ही जागा आहे. तिथे उभे राहिल्यावर सत्ताधीशाचा धर्म माझा आहे म्हणून मला त्याची बाजू घ्यावी असे वाटत नाही, आणि त्याचा धर्म माझा आहे म्हणून त्याचा हिशेब मी द्यावा असेही वाटत नाही. मारणारे मुघल बादशाहीचे नोकर होते. मारले गेले ते इथले शेतकरी, शिलेदार होते. माझे नाते दुसऱ्यांशी आहे.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघलांच्या जुन्नरवर रात्री छापा घातला. तटाला शिड्या लावून मावळे आत उतरले. ३ लाख होन आणि २०० घोडे मिळाले असे बखरकार-इतिहासकार सांगतात. घोडे पुन्हा आलेच. निकितिनच्या एका घोड्यापासून या दोनशे घोड्यांपर्यंत जुन्नर हा घोड्यांचा बाजार होता. जन्मगाव असूनही शिवनेरी मात्र महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही.

लेण्याद्री आणि मानमोडी : दाते

गडावरून उत्तरेला पाहिले की कुकडीपलीकडे लेण्याद्रीचा डोंगर दिसतो. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री असे त्यांचे गट आहेत. लेण्याद्रीच्या ज्या मोठ्या विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे, त्याच्या भिंतींत भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आजही दिसतात. बौद्धांनी कोरले, भिक्खू गेले, पुढे गणपती आला. भाविक खोल्यांकडे न पाहता दर्शन घेऊन उतरतात. थोडे थांबून पाहावे.

लेण्यांमधली गंमत त्यांच्या शिलालेखांत आहे. हे राजांचे लेख नव्हेत. कुणी धान्याचे व्यापारी, कुणी कासार, कुणी बुरूड, अशा कारागिरांच्या श्रेणींनी पैसे ठेव ठेवून दिलेली दाने त्यांत नोंदलेली आहेत. आणि त्यांत तिघे यवन आहेत : इरिल, चिट आणि चंद. यवन म्हणजे तेव्हाचे ग्रीक. एकाने पाण्याची टाकी खोदून दिली, एकाने संघासाठी भोजनमंडप, एकाने लेण्याचे दर्शनी काम. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचाही लेख आहे, त्यानेही टाके आणि मंडप दिला. नहपान शक होता, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या टोळ्यांच्या वंशातला.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात पाण्याला आलेल्या भिक्खूने टाके ग्रीकाचे की बुरुडाचे हे विचारले नसणार. टाक्यात पाणी आहे की नाही एवढेच पाहिले असणार. बाहेरून आलेल्यांचा हिशेब मांडायचा तर तो असा मांडावा असे मला या शिलालेखांनी शिकवले. कोण कुठून आला हे विचारायचे, पण तिथे थांबायचे नाही. इथे येऊन त्याने काय केले, हा खरा प्रश्न. इरिलने टाके खोदले. असदखानाने घोडा हिसकावला. ख्वाजा मुहम्मदने तो परत मिळवून दिला. मलिक अंबरने बुडालेले राज्य उभारले. मुघल सरदारांनी कोळ्यांची मुंडकी उडवली. कागद्यांनी ताव घोटले. यातल्या प्रत्येकाला वेगळा न्याय लावता येतो. सगळ्यांना मिळून ‘बाहेरचे’ म्हटले की न्याय करायचा राहूनच जातो.

नाणेघाट : जकातीचा रांजण

जुन्नरहून पश्चिमेला निघालो की माणिकडोह धरणाचे पाणी लागते, मग चावंड. याच किल्ल्यावर सोळाव्या शतकाच्या शेवटी बहादूर निजामशहा या कोवळ्या पोराला कैदेत ठेवले होते, ज्याच्या हक्कासाठी चांदबीबी अहमदनगरच्या तटावर उभी राहिली. पायथ्याच्या बाजूला पूर गावी कुकडेश्वराचे जुने कोरीव शिवमंदिर आहे. आपण जिच्या काठाने आलो, त्या कुकडीचा हा उगम. पुढे घाटघर आणि डोक्यावर जीवधन. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला लहान मुर्तजा जीवधनावरून काढला, पेमगिरीवर त्याला सुलतान म्हणून बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे मुघल व आदिलशहा दोघांनाही झुंजवले. मुलाला मांडीवर घेऊन शहाजीराजे सिंहासनावर बसत असे परंपरा सांगते. भोसल्यांच्या मांडीवर बसलेला तो मुसलमान पोरगा हे मला दख्खनच्या इतिहासातले सर्वांत बोलके चित्र वाटते. १६३६ मध्ये माहुलीला तेही संपले.

जीवधनच्या शेजारून घाट खाली कोकणात उतरतो. कल्याण, सोपारा या बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांचे लेणे आहे. राणी नागनिकेने तिथे ब्राह्मी लिपीत यज्ञ आणि दानांची यादी कोरून ठेवली. गाई किती, घोडे किती, कार्षापण किती, सगळे आकड्यांत. सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्तीही होत्या. आज मूर्ती गेल्या, फक्त पावले आणि वर नावे उरली आहेत. त्यांत एक नाव नागनिकेच्या पित्याचे, ‘महारठी’ असा त्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्र हे नाव या शब्दाशी जोडणारे अनेक अभ्यासक आहेत. म्हणजे ज्या ठिकाणी आपल्या नावाचा जुना पुरावा मिळतो, ते ठिकाण बाहेरून येणाऱ्यांच्या दारातच आहे.

घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. समुद्राकडून चढून आलेला प्रत्येक तांडा यात आपली नाणी टाकून पुढे जाई, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. या रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात. सातवाहनांचा रांजण आणि ‘जकात’ हा अरबी शब्द. पैसे भरले की वाट मोकळी होत असे.